चार तास थांबलेला बाजार : सर्व्हर, साठवण आणि रस्त्यावरचे खोदकाम

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, फेब्रुवारी महिन्याच्या वायदे करारांची मुदत संपणार होती. देशभरातील गुंतवणूकदार व दलाल आपापले सौदे आवरण्याच्या घाईत होते. सकाळी दहा वाजून गेले आणि थोड्याच वेळात राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, म्हणजे एनएसईच्या, पडद्यांवर एक विचित्र प्रकार दिसू लागला. समभागांचे भाव हलत होते, सौदे होत होते. परंतु त्याच भावांवरून काढला जाणारा निफ्टीचा आकडा मात्र जागच्या जागी थिजला होता. ११ वाजून ४० मिनिटांनी एनएसईने व्यवहार थांबवण्यास सुरुवात केली. ते पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचारला, म्हणजे रोजच्या साडेतीनच्या घंटेनंतर.

त्या दिवशी सौदे जुळवणारी संगणकप्रणाली चालू होती. कोणी हल्ला केला नव्हता, वीज गेली नव्हती, कोठे आगही लागली नव्हती. पुढे २२ मार्च २०२१ रोजी एनएसईने जे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले, त्यात कारणांच्या साखळीचे पहिले टोक सापडले ते मुंबईतील एका रस्त्यावर. दोन डेटा सेंटरांच्या दरम्यान चाललेल्या खोदकामामुळे व बांधकामामुळे दूरसंचार जोडण्या अस्थिर झाल्या होत्या, आणि त्यापायी सर्व्हरांना त्यांची स्वतःची साठवणच दिसेनाशी झाली होती.

रस्ता खोदला म्हणून डिस्क का हरवावी? या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या इतिहासातील एका फारशा चर्चेत नसलेल्या स्थित्यंतरात दडलेले आहे. सर्व्हर आणि त्याची डिस्क यांची ताटातूट, हे ते स्थित्यंतर.

डिस्क घराबाहेर पडली

१९५६ साली आयबीएमने 'रॅमॅक' या संगणकाबरोबर जगातील पहिली व्यापारी हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, एक टनाच्या आसपास वजन, आणि साठवण सुमारे पन्नास लाख अक्षरांची. त्यानंतरची कित्येक दशके नियम साधा होता : ज्याचा संगणक, त्याची डिस्क. दोघांमधली तार हातभर लांबीची असे. ती तार तुटली तर ती कोठे तुटली, हे डोळ्यांना दिसे.

सर्व्हरांची संख्या वाढली तसे या व्यवस्थेचे तोटे जाणवू लागले. एका सर्व्हरची डिस्क ओसंडून वाहत असे, तर शेजारच्याची अर्धी रिकामी. एक सर्व्हर बंद पडला की त्याच्या पोटातील माहितीही त्याच्याबरोबर अडकून पडे. यावर तोडगा निघाला तो असा की, डिस्का एका मोठ्या कपाटात एकत्र ठेवाव्यात आणि सर्व सर्व्हरांनी त्या एका स्वतंत्र जाळ्यातून वापराव्यात. या जाळ्यासाठी 'फायबर चॅनल' नावाच्या तंत्रावर १९८८ पासून काम सुरू झाले, आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने त्याला मान्यता दिली. अशा जाळ्याला 'स्टोरेज एरिया नेटवर्क', थोडक्यात 'सॅन', असे म्हणतात.

सॅनची खुबी तिच्या अदृश्यतेत आहे. कपाट दुसऱ्या खोलीत असो वा दुसऱ्या मजल्यावर, सर्व्हरला वाटते की ही आपलीच डिस्क आहे. बँका, रेल्वे आरक्षण, दूरध्वनी कंपन्या, शेअर बाजार या साऱ्यांनी ही रचना स्वीकारली. एक सर्व्हर पडला तर दुसरा उठून त्याच साठवणीवर काम पुढे नेऊ शकतो, हा तिचा फार मोठा लाभ.

परंतु याच अदृश्यतेची दुसरी बाजूही आहे. एखादे संकेतस्थळ उघडले नाही तर ब्राउझर तसे सांगतो आणि माणूस थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. डिस्कच्या बाबतीत असे समंजस वर्तन प्रणालीला शिकवलेलेच नव्हते. कारण डिस्क म्हणजे अंगाचाच अवयव, ती जागेवर नसेल ही कल्पनाच मूळ रचनेत नव्हती. जाळ्यातील दोष सर्व्हरला जाळ्यातील दोष म्हणून दिसत नाही, तो डिस्कचा मृत्यू म्हणून दिसतो. लिहिण्यासाठी पाठवलेली माहिती उत्तराची वाट पाहत थांबते, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. प्रणाली बंद पडल्याचे कोणी सांगत नाही. ती फक्त उत्तर देईनाशी होते.

छपरावरच्या छत्र्या

एनएसईचा जन्मच दळणवळणावरील अविश्वासातून झाला होता, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. १९९२ च्या रोखे घोटाळ्याने जुन्या व्यवस्थेवरचा विश्वास डळमळला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एनएसईची स्थापना झाली. डॉ. आर. एच. पाटील हे तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर ओरडून, हातवारे करून होणारे सौदे संगणकाच्या पडद्यावर आणायचे आणि देशाच्या कोणत्याही शहरातील दलालाला मुंबईतील दलालाइतकाच हक्क द्यायचा, हे तिचे उद्दिष्ट होते.

त्या काळच्या दूरध्वनी तारांवर मात्र असा बाजार चालवणे अशक्यप्राय होते. म्हणून एनएसईने जमिनीवरच्या तारा टाळून आकाशाचा मार्ग धरला. दलालांच्या कार्यालयांच्या छपरांवर उपग्रह संदेशवहनाच्या लहान छत्र्या, म्हणजे 'व्हीसॅट', बसवल्या गेल्या. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी समभागांचे व्यवहार सुरू झाले आणि छोट्या शहरांतील गुंतवणूकदारालाही मुंबईचा भाव त्याच क्षणी दिसू लागला. भारताच्या आर्थिक इतिहासातील हे एक मोठे पाऊल होते, आणि ते एका अभियांत्रिकी निर्णयावर उभे होते.

पुढे फायबरचे जाळे देशभर पसरले. वेग हवा तर जमिनीखालून जाणाऱ्या काचेच्या धाग्याला पर्याय उरला नाही. १९९४ साली ज्या तारांवर भरवसा नव्हता म्हणून आकाश गाठले, त्याच भूमार्गावर बाजाराचा डोलारा पुन्हा उभा राहिला. या वेळी मात्र तार बाजारापासून दलालापर्यंतच जात नव्हती. बाजाराच्या सर्व्हरांची साठवणही तिच्याशी बांधली गेली होती.

जवळची प्रत, दूरची प्रत

एनएसईचे मुख्य डेटा सेंटर वांद्रे-कुर्ला संकुलात, जवळचे पर्यायी केंद्र कुर्ल्यात आणि दूरचे आपत्ती केंद्र चेन्नईत, अशी तिहेरी रचना होती. अंतरांची ही निवड भौतिकशास्त्राने केलेली आहे.

काचेच्या धाग्यातून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. कुर्ला काही किलोमीटरवर असल्याने तेथे जाऊन परत यायला प्रकाशाला काही दशक मायक्रोसेकंद पुरतात. त्यामुळे प्रत्येक नोंद दोन्ही ठिकाणी लिहिली गेल्याची खात्री झाल्यावरच 'नोंद झाली' असे सर्व्हरला कळवणे परवडते. याला समकालिक प्रत म्हणतात. मुख्य केंद्र अचानक नष्ट झाले तरी एकही सौदा हरवत नाही, हा तिचा गुण.

चेन्नई सरळ रेषेतच हजार किलोमीटरहून दूर आहे. तेथे जाऊन येण्यास किमान दहा मिलिसेकंद लागतात. प्रत्येक नोंदीमागे इतका वेळ थांबायचे तर शेअर बाजार रांगू लागेल. म्हणून तेथली प्रत थोडी मागे राहते, पण भूकंप वा पूर मुंबईवर आला तरी ती सुरक्षित राहते. जवळची प्रत माहिती हरवू देत नाही, दूरची प्रत शहर हरवले तरी तगते.

समकालिक प्रतीच्या व्याख्येतच एक पेच आहे. दोन्हीकडे लिहिल्याशिवाय 'झाले' म्हणायचे नाही, हा नियम. मग मधली जोडणीच गेली तर काय करायचे? थांबावे, तर सेवा बंद पडते. एकट्यानेच पुढे जावे, तर दोन प्रती वेगवेगळ्या होतात. आणि पलीकडचे केंद्रही तसेच ठरवून मुख्य होऊन बसले, तर एकाच बाजाराची दोन परस्परविरोधी सत्ये तयार होतात. या निर्णयाची नियमावली आधीच लिहून, तपासून ठेवावी लागते. तिला फेलओव्हरचे तर्कशास्त्र म्हणतात. रोज ती निपचित पडून असते. तिची परीक्षा होते ती बिघाडाच्याच दिवशी.

त्या दिवशीची साखळी

एनएसईच्या स्पष्टीकरणानुसार, दोन केंद्रांना जोडणाऱ्या अनेक जोडण्या होत्या आणि त्या दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या होत्या. कागदावर ही रचना निर्दोष वाटते. एका कंपनीची तार तुटली तर दुसरीची आहेच. पण २४ फेब्रुवारीला दोन्ही कंपन्यांच्या जोडण्या अस्थिर झाल्या, कारण दोन केंद्रांमधील रस्त्यावर खोदकाम चालू होते. कंपन्यांची नावे दोन, देयके दोन, करार दोन. बिघाड मात्र दोघींना एकाच वेळी गाठणारा निघाला.

'अस्थिर' हा शब्द येथे महत्त्वाचा. तार पूर्ण तुटली तर निर्णय सोपा असतो. ती क्षणात जोडली जाते, क्षणात तुटते, तेव्हा प्रत्येक यंत्राला वेगवेगळे चित्र दिसते. एकाला पलीकडचे केंद्र जिवंत वाटते, दुसऱ्याला मृत. आणि निर्णय घेऊन होतो न होतो तोच परिस्थिती पालटलेली असते. अर्धमेली जोडणी मेलेल्या जोडणीपेक्षा अधिक घातक, हा या क्षेत्रातील जुना अनुभव आहे.

तरीही मुख्य केंद्रातील साठवण चालू राहायला हवी होती. तशीच रचना मागितली होती, असे एनएसईचे म्हणणे. कुर्ल्याशी संबंध तुटला तरी वांद्रे-कुर्ला संकुलातील सॅनने एकटीने काम पुढे न्यायचे होते. प्रत्यक्षात ती सर्व्हरांना उपलब्धच होईना. पुरवठादाराने बसवलेले फेलओव्हरचे तर्कशास्त्र मागणीनुसार नव्हते आणि उभारणीच्या वेळच्या मांडणीतही चुका राहिल्या होत्या, असा निष्कर्ष या स्पष्टीकरणात नोंदवला आहे. डिस्का शाबूत होत्या, सर्व्हर शाबूत होते. दोघांमधला दुवा हरवला होता.

साठवण गेल्याबरोबर एनएसई क्लिअरिंगची जोखीम व्यवस्थापन प्रणाली, सौदापूर्ती, निर्देशांक आणि देखरेख या यंत्रणा बंद पडल्या. निफ्टी का थिजला होता, याचा उलगडा येथे होतो. सौदे जुळवणारे इंजिन चालत असताना बाजार का थांबवला, याचेही उत्तर येथेच आहे. प्रत्येक सौद्यामागे दलालाची पुरेशी अनामत आहे की नाही, हे जोखीम व्यवस्थापन क्षणोक्षणी पाहते. त्याच्याविना बाजार चालू ठेवणे म्हणजे उधारीची वही न पाहता उधार देत राहणे.

बिघाड शोधण्याची वाट

साठवण दिसेनाशी झाली की अभियंते तपास कसा करतात, हे पाहिले तर चार तास कोठे जाऊ शकतात याची कल्पना येते. तक्रार नेहमी वरून येते : अमुक सेवा उत्तर देत नाही. कारण बहुधा तळाशी असते. म्हणून तळापासून वर चढत जावे लागते.

आधी तार : फायबरच्या टोकाला पुरेसा प्रकाश पोहोचतो का, स्विचच्या पोर्टवर चुकांची गणती वाढते आहे का. मग वाट : सर्व्हरपासून साठवणीपर्यंतच्या दोन वा अधिक वाटांपैकी किती जिवंत आहेत, आणि एक मेल्यावर सर्व्हर खरोखर दुसऱ्या वाटेने जातो का. त्यानंतर परवानगी : कोणत्या सर्व्हरने कोणता साठा पाहावा याची नोंद स्विचवर व कपाटावर बरोबर आहे का. शेवटी निर्णय : साठवणीने स्वतःला मुख्य मानले आहे, दुय्यम मानले आहे, की भीतीपोटी दार लावून घेतले आहे. या प्रत्येक पायरीवर यंत्रांच्या घड्याळांतील नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात, कारण पहिली चूक कोणती आणि तिच्यामुळे झालेल्या चुका कोणत्या, हे क्रमावरूनच कळते.

सर्वांत कठीण निर्णय तांत्रिक नसतो. सेवा पुन्हा जोडायची घाई केली आणि दोन प्रतींपैकी चुकीची खरी मानली, तर हजारो लोकांचे सौदे पुसले जाऊ शकतात. डिस्क परत मिळाली म्हणजे काम संपले असे होत नाही. तिच्यावरील शेवटची नोंद पूर्ण लिहिली गेली होती की अर्धवट, हे तपासावे लागते. चेन्नईकडे वळण्यातही अशीच धाकधूक असते : तेथली प्रत थोडी मागे असते, आणि ते 'थोडे' म्हणजे नेमके किती सौदे, हे आधी ठरवावे लागते. त्या दिवशी बाजार चेन्नईहून चालवला गेला नाही. का नाही, याचे स्पष्टीकरण सेबीने एनएसईकडे मागितले.

दरम्यान बाहेर जे घडत होते, ते यंत्रांच्या नोंदवह्यांत उमटणारे नव्हते. मुंबई शेअर बाजार, म्हणजे बीएसई, चालू होता. एनएसई पुन्हा उघडेल की नाही याची खात्री नसल्याने अनेक दलालांनी साडेतीनच्या आत ग्राहकांचे एकदिवसीय सौदे तेथे मिटवून टाकले. नंतर घोषणा झाली की पावणेचारला एनएसई उघडेल आणि दोन्ही बाजार पाचपर्यंत चालतील. त्या दिवशी सेन्सेक्स हजाराहून अधिक अंशांनी वधारून बंद झाला. ज्यांचे सौदे मधल्या अनिश्चिततेत मिटवले गेले, त्यांच्या हाती हिशेबाचा कागद आणि तक्रार एवढेच उरले.

नियम, सराव आणि खोदकाम

बिघाडाने काही पक्के बदल घडवले. मार्च २०२१ मध्येच सेबीने बाजारांच्या पायाभूत संस्थांसाठी नियम कडक केले. महत्त्वाची प्रणाली कोलमडली तर ३० मिनिटांत 'आपत्ती' घोषित करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचे. थांबून पाहू, दुरुस्त होईल, या मानवी स्वभावाला घड्याळाची चौकट घातली गेली. २०२३ मध्ये एनएसई आणि एनएसई क्लिअरिंग यांनी मिळून ७२ कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरून हे प्रकरण सेबीशी तडजोडीने मिटवले.

याहून बोलका बदल २ मार्च २०२४ रोजी दिसला. त्या शनिवारी बाजार मुद्दाम उघडला गेला. सव्वानऊ ते दहा या वेळेत सौदे मुख्य केंद्रातून झाले. मग मुख्य केंद्र बाजूला ठेवून साडेअकरा ते साडेबारा हेच खरे सौदे पर्यायी केंद्रातून चालवले गेले. १८ मे २०२४ रोजी अशाच प्रकारचे आणखी एक सत्र झाले. वर्षानुवर्षे पर्यायी केंद्र म्हणजे विम्याच्या कागदासारखे कपाटात ठेवायची वस्तू होती. आता ती वापरून पाहायची गोष्ट झाली.

रस्त्यावरचा प्रश्नही देशपातळीवर पोहोचला. खोदकामात केबल, जलवाहिन्या, गॅसवाहिन्या तुटून देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा केंद्र सरकारचा अंदाज आहे. २२ मार्च २०२३ रोजी दूरसंचार विभागाचे 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप सुरू झाले. खोदणाऱ्याने आधी कळवावे, आणि खाली ज्याची वाहिनी आहे त्याने सावध करावे, इतकी साधी त्याची कल्पना. त्याचा उगम एका शेअर बाजाराच्या बिघाडात नाही. पण त्या बिघाडाने त्याची निकड मात्र स्पष्ट करून दाखवली होती.

मोजण्याजोगी गोष्ट

या इतिहासातून एक गोष्ट वारंवार समोर येते. सुरक्षिततेसाठी माणूस संख्या वाढवत जातो : दोन डिस्का, दोन स्विच, दोन कंपन्या, दोन केंद्रे. संख्या मोजायला सोपी असते, तपासणीच्या तक्त्यात भरायलाही सोपी. पण संरक्षण मिळते ते स्वतंत्रपणातून, आणि तो असा मोजता येत नाही. दोन तारा एकाच चरातून जातात का, दोन पर्याय एकाच नियमावलीवर विसंबून आहेत का, ती नियमावली कोणी जाणीवपूर्वक तार उपसून पाहिली आहे का, हे प्रश्न विचारावे लागतात; आणि त्यांची उत्तरे मिळवण्यासाठी डेटा सेंटरच्या वातानुकूलित खोलीतून उठून रस्त्यावर यावे लागते.

आज रुग्णालयांच्या नोंदी, बँकांची खाती, शिधावाटप, परीक्षांचे निकाल अशाच सामायिक साठवणींवर ठेवले जातात. अशा प्रत्येक ठिकाणी सर्व्हर आणि त्याची डिस्क यांच्यामध्ये कोठेतरी एक काचेचा धागा असतो, आणि तो ज्या जमिनीतून जातो तेथे कोणी ना कोणी खोदत असते. तो धागा एखाद्या निवांत शनिवारी मुद्दाम काढून पाहिला, तर बुधवारी बाजार भरलेला असताना तो पहिल्यांदाच निसटण्याची वेळ येत नाही.